पोर्शे म्युझियम, स्टुटगार्ट: छताला उलटी टांगलेली ९५६ आणि आमचा कॉलेजपासूनचा वाद

मागच्या महिन्यात पुण्याहून मित्र आला होता कंपनीच्या कामाने, एक रविवार मोकळा मिळाला तर त्याला सरळ पोर्शे म्युझियमला घेऊन गेलो. ले मान्सच्या २४ तासांच्या रेसची आजवरची सगळ्यात भारी गाडी कुठली यावर आमचं कॉलेजपासून भांडण आहे, तो माझ्दा ७८७बी वाला आणि मी पोर्शे ९५६ वाला, म्हटलं चल एकदा गाडीसमोर उभं राहूनच बोलू.

जायला एकदम सोपं आहे, स्टुटगार्टहून एस-६ लोकल पकडायची, नॉयविर्ट्सहाउसला उतरलं की समोरच बिल्डिंग. सोमवारी बंद, बाकी दिवस ९ ते ६. सकाळीच जा, निदान तीन तास हाताशी ठेवा. आणि आत शिरल्या शिरल्या वर पळू नका, खाली काचेआड त्यांचं वर्कशॉप दिसतं तिथे थांबा आधी. आम्ही गेलो तेव्हा एक जुनी गाडी लिफ्टवर घेतलेली होती, इंजिन बाहेर काढून ठेवलेलं. इथल्या गाड्या नुसत्या शोभेच्या नाहीत, चालवतात, इव्हेंटला नेतात, म्हणून मांडणीही बदलत राहते, मी लिहितोय ते सगळं तुम्हाला तसंच दिसेल असं नाही.

पोर्शेच्या ९१७ या जुन्या रेसकारवर मी जास्त लिहीत नाही, तिचे चाहते भरपूर आहेत आणि तिची लायकीच तेवढी आहे. पोर्शेचा ले मान्सचा पहिला विजय तिचा, १९७० चा, आणि १९७१ ला तिने २४ तासांत ५३३५ किमी कापले तो रेकॉर्ड थेट २०१० पर्यंत टिकला.

पण माझे पाय थांबले ते ९५६ खाली. खाली म्हणजे अक्षरशः खाली, कारण गाडी छताला उलटी लावलीय, चाकं वर आणि टप आपल्या डोक्याकडे. सांगायचं हे की ताशी ३२१ किमीच्या पुढे हवेचा दाब तिला रस्त्यावर इतका दाबतो की तत्त्वतः ती छतावरूनसुद्धा पळू शकेल. हे मी शंभर वेळा वाचलं होतं, पण मान वर करून त्या मागच्या पंखाकडे आणि कॉकपिटच्या गोल काचेकडे बघताना अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

मग तिथेच आमचं सुरू झालं. मित्र म्हणाला, अरे पण चार रोटरचं इंजिन (रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणारे रोटर), तो आवाज, १९९१ ला ले मान्स जिंकणारी पहिली जपानी कंपनी, जॉनी हर्बर्ट शेवटी गाडीतून उतरला आणि कोसळला, पोडियमवर पण जाऊ शकला नाही, याच्यापुढे काय आहे तुझ्याकडे? मान्य आहे राव, ते ऐकून मलाही भरून येतं. फक्त ती जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आणली हे तो अजून धरून बसलाय ते चूक आहे, साडेतीन लिटर इंजिनचा नवा नियम आधीच ठरलेला होता.

माझं म्हणणं वेगळं आहे. एंड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसची गाडी म्हणजे दुसऱ्याच्या हातातही टिकली पाहिजे. १९८२ ला पहिल्याच वर्षी फॅक्टरीच्या, म्हणजे पोर्शेच्या स्वतःच्या टीमच्या तीन ९५६ उतरल्या, नंबर १, २ आणि ३, आणि आल्या पण त्याच क्रमाने. १९८३ ला पहिल्या दहात नऊ ९५६. आणि या गाड्या पोर्शे खाजगी टीमना विकत होती! १९८४ ला फॅक्टरी टीम आलीच नाही, योस्ट या खाजगी टीमची पिवळी-काळी ९५६ जिंकली, ठीक आहे. पण १९८५ ला फॅक्टरी नवी ९६२सी घेऊन आली आणि योस्टने तीच जुनी गाडी, तोच सांगाडा (चॅसी) नंबर ११७, परत आणून त्यांना हरवलं. तेही कशावर, तर पेट्रोलच्या बचतीवर. या गाड्यांच्या वर्गाचा, ग्रुप सीचा नियमच तसा होता, पेट्रोल मोजून मिळायचं, सुरुवातीला १००० किमीला ६०० लिटर म्हणजे लिटरला जेमतेम १.७ किमी, १९८५ ला त्यातही कपात झालेली. तर प्रश्न आपल्या नेहमीचाच, ॲव्हरेज किती देते? योस्टच्या लोकांनी तो सगळ्यांपेक्षा नीट सोडवला.

आउडी आर८ ने पाच वेळा जिंकलंय, तिला माझा दुसरा नंबर, अख्खा मागचा भाग काही मिनिटांत बदलायचे ही भन्नाट गोष्ट. पण ९५६ आणि तिच्यापासून झालेली ९६२ मिळून १९८२ ते १९८७ सलग सहा ले मान्स आहेत, वर १९९४ ला डाउअर कंपनीची ९६२ परत जिंकली. आज आपण ज्याला ड्युअल क्लच गिअरबॉक्स म्हणतो तो पोर्शेने याच गाड्यांवर रेसमध्ये घासून घेतला.

एक गोष्ट मात्र मी त्याला स्वतःहून सांगितली. या गाडीत ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे यायचे, समोरून ठोकली तर वाचवायला फारसं काही नाही. पोर्शेचा ड्रायव्हर श्टेफान बेलोफने १९८३ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर ६ मिनिटं ११.१३ सेकंदांचा लॅप मारला, तो ३५ वर्षं कुणाला मोडता आला नाही, आणि १९८५ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर ९५६ मध्येच अपघातात तो गेला, वय २७. त्या उलट्या गाडीखाली उभं राहून हे बोलताना दोघंही गप्प झालो थोडा वेळ.

पाचपैकी पाच स्टार, आढेवेढे न घेता. मित्र अजून माझ्दावरच आहे. ती ५५ नंबरची नारिंगी-हिरवी गाडी हिरोशिमाला माझ्दाच्या म्युझियममध्ये आहे, तिकडे मला नेणार म्हणतोय, आणि मी जाणार.