फ्युएल पंपाचा करंट तपासायला मल्टिमीटर घ्यावा की साधा बल्ब?

जुन्या एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून, टाकीतल्या पेट्रोल पंपाचा, दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ येतो. तो आवाज यायचाच बंद झाला की प्रश्न एकच: पंप गेला, की पंपापर्यंत करंटच पोचत नाही? फ्यूज बघून झाला, हॉर्नचा तसाच रिले (पंपाचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) काढून पंपाच्या जागी लावून झाला, तरी पंप गप्प. आता सीट उचलून कपलरवर, म्हणजे पंपाच्या वायरच्या जोडावर, काय लावायचं, डिजिटल मल्टिमीटर की 21 वॉटच्या ब्रेक-लाइट बल्बचा लॅम्प? माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि दोन्ही लागतात. पण कुठलं आधी उचलावं याबद्दल माझं मत एका पावसाळ्यात पक्कं झालं.

गाडी 2003 सालची, मुक्काम रत्नागिरी. आंबा घाट चढताना ती दोनदा बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. घरी आणून पंपाचा कपलर सोडवला, त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला. 12.4 व्होल्ट. सप्लाय पूर्ण येतोय, म्हणजे पंपच गेला, असं मी धरलं आणि नवा पंप बसवला. आठ दिवसांनी गाडी साखरप्याच्या पुढे पुन्हा उभी. पैसे गेले त्याहून मला तो आकडा लागला, कारण मीटर बिघडलेला नव्हता. 12.4 खरंच होते.

मग गॅरेजमधल्या वायरमनने त्याच दोन पिनांवर होल्डरमधला बल्ब लावला आणि चावी फिरवली. बल्ब पेटला तो नारिंगी, विझत्या निखाऱ्यासारखा. त्याने निगेटिव्हची क्लिप काढून सीटबेल्टच्या बोल्टवर, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावली, तर बल्ब पांढराशुभ्र. दोष अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरमध्ये होता. कार्पेट उचललं तर पंपाच्या अर्थची लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) जिथे फ्लोअरला बोल्टने आवळलेली असते, तिथे पत्र्यावर गंजाचा पापुद्रा आणि वायरच्या तारा हिरव्या पडलेल्या. खाऱ्या हवेत आमच्याकडे हे फार होतं. तिथे पॉलिश पेपर मारला, नवी लग ठोकली, आणि आजतागायत पंप गप्प झालेला नाही.

कारण साधं आहे. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एखाद-दुसरी तार शाबूत असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. चालता पंप चार-पाच अँपिअर मागतो, म्हणजे वाटेत एक ओमचा अडथळा असला तरी चारेक व्होल्ट तिथेच खर्च. बल्ब पंपाइतकं ओझं टाकत नाही, पण वायर भार पेलते की नाही हे उजेडावरून कळतं. म्हणून लॅम्प घ्यायचा तर खरा फिलामेंटचा घ्या. बाजारात मिळणारा एलईडीचा टेस्टर या बाबतीत मीटरसारखाच फसवतो.

आणखी एक गोष्ट एकट्याने काम करणाऱ्याला जाणवेल. इंजिन सुरू नसताना कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पंपाला जेमतेम दोन-तीन सेकंद सप्लाय देतं. तेवढ्यात माझ्या ऑटोरेंज (रेंज स्वतःच निवडणाऱ्या) मीटरचा आकडा कधीकधी स्थिरही होत नाही. बल्ब मात्र मागच्या काचेपाशी टांगला की ड्रायव्हर सीटवरून आरशात दिसतो.

मीटरला कमी लेखायचं नाही. पंप कपलरला जोडलेला ठेवून, रिलेच्या 30 आणि 87 नंबरच्या पिना जोडून पंप सलग चालवला आणि पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला, तर नेमका किती व्होल्ट वाया जातो ते तोच सांगतो. पाव व्होल्टच्या वर दिसला तर मी अर्थ उघडून बघतो. रिलेच्या कॉइलकडून कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या वायरवर तर मीटरच हवा. तिथे बल्ब लावू नका, त्याच्या करंटने युनिट जळू शकतं. मात्र कपलर जोडलेला ठेवून मागून प्रोब घालायला सवय लागते, आणि बॅटरीपर्यंत लांब वायर लागते.

पेट्रोलचा वास येत असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी गळती बघा. बल्बच्या क्लिपा चावी बंद असतानाच लावा, म्हणजे टाकीवर ठिणगी पडणार नाही.

तुमच्या गाडीत वेगळं काही निघू शकतं, माझा अनुभव दोनच गाड्यांचा आहे. तरी सीट उचलल्यावर मी आधी बल्बच लावेन. तो पांढरा पेटला, पिना घट्ट आहेत आणि कपलर जोडल्यावर पंप तरीही हलत नाही, तरच नव्या पंपाचे पैसे काढा.