ग्राम स्टेनचं रेडीमेड किट: तीन बाटल्या झकास, चौथी सांभाळून

आमची वाशीत छोटी लॅब आहे, युरीन, पस, स्पुटम मिळून रोज बऱ्यापैकी ग्राम स्टेन (बॅक्टेरिया रंगवून ग्राम पॉझिटिव्ह जांभळे, ग्राम निगेटिव्ह गुलाबी असे ओळखायची टेस्ट) होतात, आधी सगळे स्टेन घरचेच बनवायचो पण माणसं कमी झाली, पावडर तोलत आणि गाळत कोण बसणार, म्हणून तुर्भ्याच्या एका डीलरकडून हे चार बाटल्यांचं किट घेतलं. कंपनीचं नाव टाकत नाही कारण एका बाटलीबद्दल तक्रार आहे.

क्रिस्टल व्हायोलेट एकदम क्लीन, ऑइल इमर्शनखाली (मायक्रोस्कोपची तेल लावून वापरायची लेन्स) गाळ दिसत नाही. तो गाळ लय डेंजर, नवीन पोरं त्यालाच कॉकाय (गोल बॅक्टेरिया) समजून रिपोर्टमध्ये लिहून मोकळी होतात. आयोडीन ब्राऊन बाटलीत आलं, बरं वाटलं, कारण उजेडात ते फिकं पडत जातं आणि मग व्हायोलेट आत नीट धरूनच राहत नाही. सॅफ्रॅनिन (शेवटचा गुलाबी रंग) ठीकठाक. कॅम्पायलोबॅक्टर (एक ग्राम निगेटिव्ह बॅक्टेरिया) फिकट दिसतो पण त्यात किटचा दोष नाही, त्याला बेसिक फुक्सिनच लागतं.

आता डिकलरायझर, म्हणजे ग्राम निगेटिव्हमधला जांभळा रंग धुऊन काढणारं द्रावण. ॲसिटोन-अल्कोहोल आहे आणि ॲसिटोन अगदी सढळ हाताने घातलंय. आतल्या कागदावरचे सेकंद पाळले तर स्टॅफसुद्धा (ग्राम पॉझिटिव्ह, जांभळा राहायला हवा) गुलाबी! आम्ही घड्याळ बघणं सोडलं, स्लाइड तिरकी धरायची, थेंब थेंब सोडायचं आणि खाली उतरणाऱ्या थेंबात जांभळं दिसेनासं झालं की लगेच नळाखाली, पातळ स्मिअरला (स्लाइडवर पसरलेला सॅम्पलचा थर) दोन-तीन सेकंद पुरतात. जाड स्मिअर असेल तर उलटी गंमत, मधला गठ्ठा जांभळाच राहतो आणि ग्राम निगेटिव्ह ई. कोलाय पॉझिटिव्ह वाटतो, त्यामुळे जिथे पेशी सुट्या पसरल्यात तिथेच बघा.

डीलरला फोन केला तर म्हणे "अहो मॅडम, सगळे हेच वापरतात, कुणाची कंप्लेंट नाही." असेलही, पण त्यातले कंट्रोल (ज्यांचा रंग आधीच माहीत आहे असे बॅक्टेरिया) किती जण लावतात देव जाणे.

आम्ही प्रत्येक नवीन बॅचला एकाच स्लाइडवर एका टोकाला स्टॅफ ऑरियस (एटीसीसी या कल्चर संग्रहातला नंबर 25923), दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (25922) आणि मध्ये सॅम्पल लावतो. स्टॅफ गुलाबी आला तर जास्त धुतलं, ई. कोलाय जांभळा राहिला तर कमी धुतलं, इतकं सरळ. फक्त कल्चर 18 ते 24 तासांचंच घ्या, जुन्या कल्चरमधले पॉझिटिव्हसुद्धा रंग सोडतात, फ्रिजमधली शिळी प्लेट काढून किटला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. पुन्हा घेईन, पण डिकलरायझरची छोटी बाटलीच घेईन, कारण झाकण सैल बसतं, ॲसिटोन उडत जातं आणि बाटली तळाला येईपर्यंत तोच माल हळू चालायला लागतो. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा आणि कंट्रोल पुन्हा लावून सेकंद परत ठरवा.