मॅट की रिंग? कुस्ती खेळणाऱ्या नागपूरच्या पोट्ट्यांसाठी दोन वाटांची तुलना

महाल-इतवारीकडच्या आखाड्यांत आजकाल एक प्रश्न हमखास कानावर येतो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोट्टा असतो, स्टेट खेळलेला, अंगात दम आहे, आणि तो विचारतो की भाऊ मॅटवरच (म्हणजे ऑलिम्पिकवाल्या कुस्तीत) राहू की डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रो रेसलिंग कंपनीच्या मागे लागू, ब्रॉक लेस्नर पण तर कुस्तीतूनच गेला ना. घरचे म्हणतात पोलीस भरतीचा फॉर्म भर, वस्ताद म्हणतात आखाडा सोडू नको, आणि पोट्टा रात्री दोन वाजेपर्यंत रील्स पाहून राहिला. म्हणून म्हटलं दोन्ही वाटा शेजारी ठेवून नीट बोलू. माझं मत आधीच सांगतो: ज्याचं वजन ७४ किलोच्या आत आहे त्याने मॅट सोडायचा विचार पण करू नये, आणि जो ९७ च्या वर आहे, उंच आहे, चार लोकांसमोर बोलताना अडखळत नाही, त्याने प्रो रेसलिंगकडे जरूर बघावं, पण मॅटवर काहीतरी हातात पडल्यावर.

पहिले हे समजून घ्या की ही दोन वेगळी कामं आहेत. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मधात तीस सेकंद, पट काढला (पाय धरून खाली आणलं) की दोन गुण, फ्रीस्टाईलमध्ये दहाची आघाडी झाली की कुस्ती संपली आणि चितपट झाला तर तिथेच निकाल. रिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो, कोण जिंकणार हे दोघांनाही माहीत असतं, आणि तरी त्याला नुसतं खोटं म्हणून हसणारे लोक मला पटत नाहीत, कारण त्या कॅनव्हासखाली पातळ फोम आणि त्याखाली फळ्या असतात, आणि शंभर किलोचा माणूस वरून पडतो तेव्हा ते पडणं पूर्ण खरं असतं.

आपल्या पैलवानाला तिथे सगळ्यात जड जाते ती गोष्ट म्हणजे पाठीवर पडणं. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून त्याला एकच शिकवलेलं असतं की पाठ लागू द्यायची नाही, मान मोडली तरी चालेल, पूल करून, म्हणजे मान आणि पायांवर कमान करून राहा. आणि रिंगमध्ये पहिल्या धड्यातच सांगतात की सपाट पाठीवर पड, हनुवटी छातीला लाव, हात बाजूला आपट. याला ते बंप म्हणतात. अंगात मुरलेली सवय उलटी फिरवायची म्हणजे सोपं काम नाही, चांगले चांगले पैलवान इथेच आखडतात. त्यात डाव असा मारायचा की समोरच्याला लागू नये पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं की लागलं, म्हणजे समोरच्याचं शरीर तुमच्या हवाली असतं आणि तुमचं त्याच्या. आणि मग माइक हातात देतात. तिथे कुस्ती कामाला येत नाही.

आता ज्यांनी दोन्ही केलं त्यांचं बघू, कारण खरा हिशोब तिथेच कळतो. कर्ट अँगल घ्या. १९९५ ला वर्ल्ड चॅम्पियन, १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये १०० किलो फ्रीस्टाईलचं गोल्ड, तेही मानेचं हाड दुखावलेलं असताना. त्याने १९९८ मध्ये करार केला, नोव्हेंबर १९९९ मध्ये टीव्हीवर आला आणि ऑक्टोबर २००० मध्ये द रॉकला हरवून चॅम्पियन. एक वर्ष पण पूर्ण नाही झालं. लोक म्हणतात गोल्ड मेडलमुळे झालं, मला तसं वाटत नाही. मेडल तर त्याच्या गळ्यात होतंच, पण तो ते मेडल घालून रिंगमध्ये यायचा आणि स्वतःची इतकी स्तुती करायचा की लोक चिडून ओरडायचे, आणि त्या ओरडण्यावर त्याचं करिअर उभं राहिलं. खरोखरचा ऑलिम्पिक विजेता लोकांकडून शिव्या खायला तयार झाला, हे किती पैलवानांना जमेल? आपल्याकडे तर पैलवानाला मान लागतो, फेटा लागतो. अँगलची दुसरी बाजू पण ऐका, ती मान त्याला आयुष्यभर नडली, ऑपरेशनं झाली, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं, आणि हे सगळं त्याने स्वतः उघडपणे सांगितलेलं आहे. २०१७ ला हॉल ऑफ फेम, २०१९ ला निवृत्ती.

लेस्नरची गोष्ट वेगळी आहे. २००० साली मिनेसोटा विद्यापीठाकडून एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज कुस्तीचा हेवीवेट चॅम्पियन, त्याच वर्षी करार, मग दोन वर्षं छोट्या प्रमोशनमध्ये घासला, मार्च २००२ मध्ये टीव्हीवर आणि ऑगस्टमध्ये पंचविसाव्या वर्षी चॅम्पियन. आणि इतकं मिळाल्यावर २००४ मध्ये सोडून गेला, कारण सततचा प्रवास त्याला झेपला नाही. हे रील्समध्ये कोणी दाखवत नाही. आठवड्यातून कितीतरी दिवस रस्त्यावर, आज या शहरात उद्या त्या शहरात, ऑफ सीझन नावाची गोष्ट नाही. मग त्याने अमेरिकन फुटबॉल करून पाहिला, मग यूएफसीत (खऱ्या ठोशा-लाथांच्या एमएमए लढतींची कंपनी) गेला, २००८ मध्ये रँडी कुटूरला हरवून तिथला हेवीवेट चॅम्पियन झाला, आणि २०१२ मध्ये परत आला तो स्वतःच्या अटींवर, मोजक्या मॅचेस करायला. म्हणजे रिंगवाल्यांनी त्याला खरी किंमत दिली ती खऱ्या लढाईत जिंकून आल्यावर.

आणि तिसरा गेबल स्टीव्हसन, याचं उदाहरण प्रत्येक घाईवाल्या पोट्ट्याला मी सांगतो. टोकियोमध्ये १२५ किलोच्या फायनलला शेवटच्या सेकंदात उलटवून गोल्ड घेतलं, वय २१, सप्टेंबर २०२१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा करार, सगळे म्हणाले हाच पुढचा अँगल. २०२३ मध्ये त्याची पहिली टीव्हीवरची मॅच झाली तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मे २०२४ मध्ये कंपनीने करार संपवला. तो परत कॉलेज कुस्तीत आला आणि मार्च २०२५ मध्ये फायनलला वायट हेंड्रिक्सनकडून ५-४ ने हरला. ऑलिम्पिक गोल्ड असलेला, कंपनीने हातावर घेतलेला माणूस, तरी जमलं नाही. मेडल आत जायला उपयोगी पडतं बाप्पा, आत टिकायला दुसरं काही लागतं.

हे झालं अमेरिकेचं, तिथे कॉलेजमध्येच कंपनीवाले येऊन पोरं निवडतात. आपल्याकडून कोण गेलं ते बघा. द ग्रेट खली पंजाब पोलिसातून, बॉडीबिल्डिंग करून, आणि उंचीच्या जोरावर, २००७ ला वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. कविता देवी वेटलिफ्टिंगमधून. वीर महान म्हणजे रिंकू सिंग भालाफेक करायचा, मग अमेरिकेत बेसबॉलचा पिचर झाला. रिंगमध्ये ‘सांगा’ नावाने उतरणारा सौरव गुर्जर किकबॉक्सिंगमधून. खऱ्या कुस्तीतून गेलेला हरियाणाचा हेवीवेट सतेंदर, रिंगमधलं नाव जीत रामा, २०१५ मध्ये घेतला आणि २०२१ मध्ये सोडला, आणि सहा वर्षांत तो मुख्य शोचा स्टार झाला नाही. हे मी कोणाला नाउमेद करायला सांगत नाहीये. पण निवडणारे भारतीय माणसात पहिले आकार बघतात, मग चेहरा आणि बोलणं, मग खेळ, हे या यादीतून साफ दिसते. दारा सिंगचा जमाना वेगळा होता, तेव्हा मुंबईत स्टेडियम भरायचं आणि १९६८ मध्ये त्याने लू थेज या अमेरिकन प्रो रेसलरला इथेच हरवलं, देशातल्या देशात करिअर होत होतं. आज तसं भारतात कायमचं सर्किट नाही. खलीने २०१५ मध्ये जालंधरला सुरू केलेली अकादमी आहे, अधूनमधून ट्रायआउट (निवड चाचणी) होतात, २०१९ मध्ये मुंबईत झालं होतं, २०२३ मध्ये हैदराबादला मोठा शो झाला. बस.

(आणि हो, प्रो रेसलिंग लीग ही मॅटवरची खरी फ्रीस्टाईल कुस्ती आहे, तिचा या रिंगशी काही संबंध नाही, बरेच जण गल्लत करतात.)

आता मॅटच्या बाजूला काय आहे ते बघू, कारण पोट्टे याला कमी समजून राहिले. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, सेना आहे, पोलीस आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे तिघं कुस्तीच्या जोरावर डीवायएसपी झाले. विजय चौधरीने २०१५ ची महाराष्ट्र केसरी जिंकली ती आपल्या नागपुरातच. सगळे डीवायएसपी होत नाहीत हे मान्य, बहुतेकांच्या वाट्याला शिपाई किंवा क्लार्कची जागा येते, पण तो पगार पाय मोडला तरी पहिल्या तारखेला येतो. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कुस्तीगीर कंपनीचा कर्मचारी नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो, रिंगमध्ये लागलं तर इलाज करतात, पण करार संपला की विषय संपला.

मॅटवर सगळं गोड आहे असं पण नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. २०२३ मध्ये फेडरेशनच्या भांडणात जागतिक संघटनेने आपल्याला निलंबित केलं आणि त्या काळात ज्या ज्युनियर पोरांचं वय निघून गेलं त्यांना ते कोणी परत देणार नाही, याचा मला आजही राग येतो. विदर्भाच्या पोट्ट्याला तर आणखी एक अडचण, चांगला जोडीदार आणि चांगली मॅट पाहिजे तर शेवटी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून कोल्हापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं. खोली, खुराक, बदाम, दूध, तूप, सगळा खर्च घरच्यांवर. गावोगावच्या आमदंगलीतून इनाम येतं पण त्यात खुराक निघाला तरी खूप.

वजनाबद्दल सुरुवातीला जे बोललो त्याचं कारण आता सांगतो. भारताची ऑलिम्पिकमधली कुस्तीची सगळी पदकं काढून बघा: खाशाबा, सुशील कुमार दोनदा, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया, अमन सेहरावत. एकही ६६ किलोच्या वरचं नाही. म्हणजे लहान वजनात आपल्याकडे कोच, जोडीदार, अनुभव, सगळं तयार आहे, आणि नेमका हाच आकार रिंगमध्ये भारतीय माणसासाठी कमी चालतो. उलट १२५ किलोवाल्याला जगात रशिया, इराण, जॉर्जिया, तुर्कीचे डोंगर समोर असतात, राज्यात जिंकेल, देशात जिंकेल, पण पुढे दार अरुंद होत जाते. त्याच्यासाठी रिंग हा खरोखरचा पर्याय आहे. छोट्या अंगाचे लोक रिंगमध्ये नसतातच असं नाही, चॅड गेबल २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ८४ किलो ग्रीको-रोमन (पाय न धरता खेळायची कुस्ती) खेळला होता, उंची फार नाही, तरी वर्षानुवर्षं टिकून आहे, पण तो कॉमेडी पण करतो, चिडवतो पण आणि कुस्ती तर अप्रतिम. तेवढं सगळं एका माणसात असलं पाहिजे.

शरीराचं म्हणाल तर दोन्हीकडे झीज आहे, फक्त जागा वेगळ्या. मॅटवर कान फुटतात, गुडघे जातात, आणि वजन तोडणं हा सगळ्यात वाईट प्रकार, विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी पॅरिसची फायनल गमावून बसली, अमनने ब्राँझच्या कुस्तीआधी एका रात्रीत साडेचार किलोच्या वर उतरवलं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी तोडून वजन उतरवणाऱ्या पोरांना मी पाहिलंय, बघवत नाही. रिंगमध्ये वजनकाटा नाही पण पाठ, मान आणि डोकं रोज मार खाते.

एमएमएचं पण विचारतात. रितू फोगाट २०१९ मध्ये कुस्तीतून तिकडे गेली आणि २०२१ मध्ये तिथल्या ग्रां प्री स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोहोचली, म्हणजे पैलवानाला तिथे पाया मिळतो, पण तो निकाल खरा असतो आणि ठोसे पण, त्यामुळे त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

तर आता ठरवायचं कसं. १८-१९ चा असशील तर पुढची चार-पाच वर्षं मॅटला दे, नॅशनलचं सर्टिफिकेट आणि पदवी दोन्ही पदरात पाड, कारण खेळाडू कोट्यात दोन्ही कामाला येतात. अँगल टीव्हीवर आला तेव्हा तिशीत होता, त्यामुळे वय निघून चाललं म्हणून घाबरू नको. या काळात बाकीची तयारी फुकट होते: आरशासमोर उभा राहून हिंदीत आणि इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मित्रांना दाखवायचं, कॉलेजच्या नाटकात घुसायचं, कारण धनवटे किंवा सायंटिफिक सभागृहाच्या स्टेजवर ज्याला घाम फुटतो त्याला वीस हजार लोकांसमोर काय होईल. पाठीवर पडायला ज्युदोवाल्यांकडे शिक, मानकापूरच्या क्रीडा संकुलात विचारून बघ.

२३-२४ ला नोकरी लागली, अंग ९७ च्या वर गेलं आणि मनातून अजून रिंग जात नसेल तर सुट्टी टाकून एखाद्या अकादमीत महिनाभर राहून ये. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचार: शिकवणारा स्वतः किती वर्षं रिंगमध्ये होता, इथून मागच्या दोन-तीन वर्षांत कोण कुठे गेलं, आणि लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करतं. सिलेक्शन पक्कं करून देतो म्हणून आधी मोठी रक्कम मागणारा भेटला तर तिथूनच परत फिर, ट्रायआउटला कंपनी बोलावते, दलाल नाही. आणि पासपोर्ट आत्ताच काढून ठेव, पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागतो.