वॉशिंग्टन राज्यातील टपाली मतदान: सेवा उत्तम, पण लिफाफा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात मतदानासाठी रांग लावावी लागत नाही. निवडणुकीच्या साधारण अठरा दिवस आधी नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने रवाना होते. २०११ पासून संपूर्ण राज्यात हीच पद्धत आहे आणि नागरिकत्व मिळाल्यापासून मी प्रत्येक निवडणुकीत ती वापरली आहे.

सोयीच्या बाबतीत या सेवेला तोड नाही. परतीच्या लिफाफ्याला तिकीट लावावे लागत नाही, टपालाची खात्री वाटत नसेल तर मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत मतपेटीत लिफाफा टाकता येतो, आणि तो पोहोचून स्वीकारला गेला की नाही हे संकेतस्थळावर पाहता येते. अमेरिकेत १८४५ च्या कायद्यापासून अध्यक्षीय निवडणूक मंगळवारी होते आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते, हे लक्षात घेतले तर तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे ते समजते.

त्रुटी मला आईच्या लिफाफ्यामुळे कळली. नोंदणीच्या अर्जावर तिने आयुष्यभराच्या सवयीने देवनागरीत सही केली होती आणि लिफाफ्यावर मात्र इंग्रजीत. सही जुळत नसल्याचे पत्र आले, सोबतच्या अर्जावर तिने पुन्हा सही करून पाठवली आणि मत मोजले गेले. पत्र उघडायला घरात कोणी नसते, तर ते मत बाद झाले असते. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०२० च्या निवडणुकीत कृष्णवर्णीय मतदारांचे लिफाफे नाकारले जाण्याचे प्रमाण गोऱ्या मतदारांच्या चौपट होते आणि तरुणांचेही लिफाफे जास्त नाकारले गेले. कर्मचाऱ्यांनी पक्षपात केल्याचा पुरावा मात्र आढळला नाही.

दुसरी अडचण घर बदलणाऱ्यांची आहे. टपाल खाते इतर पत्रे नव्या पत्त्यावर पाठवते, पण मतपत्रिका पाठवत नाही. स्वतःच्या घरात वीस वर्षे राहिलेल्या निवृत्त जोडप्याला ती न चुकता मिळते. दरवर्षी भाड्याची खोली बदलणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र जुन्या पत्त्यावरून परत जाते.

तरीही सगळा दोष लिफाफ्याला देता येणार नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत या राज्यातील सुमारे ८४ टक्के नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले. २०२३ मध्ये नगर परिषदा आणि शाळा मंडळांच्या निवडणुकीत हेच प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. तोच लिफाफा, तीच पेटी, तीच मुदत असूनही निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहिले, आणि आपल्या मुलांच्या शाळांचा कारभार कोणी पाहायचा हे उरलेल्यांनी ठरवले. मला याचे मनापासून वाईट वाटते. स्थानिक निवडणुका विषम वर्षी न घेता अध्यक्षीय किंवा संसदेच्या निवडणुकीसोबत घेतल्या, तर यात बराच फरक पडेल असे माझे मत आहे.

पाचपैकी चार तारे. नुकतेच घर बदलले असेल तर पत्ता आधी बदलून घ्यावा. ते राहून गेलेच, तर मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) केंद्रावर जाऊन नोंदणी आणि मतदान दोन्ही करता येते. लिफाफ्यावरची सही मात्र नोंदणीच्या वेळी केली होती तशीच करावी.