सेप्टिक टाकीसाठीची जिवाणू पावडर : उपयोग किती, दावा किती

सेप्टिक टाकीत दरमहा जिवाणूंची पावडर टाकली की मैला उपसण्याची वेळच येत नाही, असे या पावडरीच्या पाकिटावर ठळकपणे छापलेले आहे. वर्षभर ती नेमाने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पावडर निरुपद्रवी असली तरी या दाव्यावर विसंबून ती घेऊ नये.

वापरण्याची रीत सोपी आहे. पावडर कोमट पाण्यात कालवून रात्री संडासात ओतायची. त्या वेळी घरातला पाण्याचा वापर थांबलेला असल्याने जिवाणूंना टाकीत स्थिरावायला अवधी मिळतो. पाकीट एकदा फोडले की पावडर ओल धरते, पण ही तक्रार किरकोळ.

खरा प्रश्न गरजेचा आहे. प्राणवायूशिवाय जगणारे आणि मैला कुजवणारे जिवाणू विष्ठेतूनच टाकीत अखंड येत असतात, त्यामुळे बाहेरून आणखी सोडल्याने फारसे काही साधत नाही. शिवाय वाळू, माती आणि न कुजणारा अवशेष तळाशी साचतच राहतो. तो पचवणारा जिवाणू कोणत्याही पाकिटात मिळत नाही. टाकी उपसणाऱ्या कामगाराकडून, लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून, आम्ही गाळाची जाडी आधी आणि नंतर मोजून घेतली, तेव्हा गाळ वाढायचा तसा वाढलेलाच दिसला. (हे माप स्वतः झाकण उघडून घेऊ नये, आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जीवघेणा असतो.) वास मात्र कमी झाला, पण त्याच सुमारास वायुनळीची तुंबलेली जाळीही साफ केली होती, त्यामुळे त्याचे श्रेय पावडरीला देणे मला जमत नाही.

तळाचा गाळ आणि वरचा तवंग मिळून टाकीची एक तृतीयांश जागा व्यापू लागले की उपसा करावाच लागतो, आणि साधारण घरात ही वेळ ३ ते ५ वर्षांनी येते. पावडरीच्या भरवशावर तो लांबवला, तर गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन तिथल्या मातीची छिद्रे बुजवतो. मग होणाऱ्या खर्चापुढे उपशाचा खर्च काहीच नाही.

पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, संडासात ॲसिड आणि ब्लीच बेताने वापरावे, अशी सूचना आहे. ती पाळण्यासाठी पावडर विकत घ्यावी लागत नाही.