मस्कतहून बडोद्याला, पिशवीच्या दुर्बिणीसाठी

माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. गेली अकरा वर्षं संसार मस्कतला. वय ४४. मागच्या दिवाळीपासून पाळीचं तंत्र बिघडलं. कधी पंधरा दिवसांतच यायची, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि मधेच केव्हाही अंगावरून जायला लागायचं. मस्कतला सोनोग्राफी केली. पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, अस्तर १४ मिलिमीटर, आत पॉलिप (अस्तरातून वाढलेला कोंब) असण्याची शक्यता, असा रिपोर्ट आला. नक्की काय ते दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या तपासणीला हिस्टेरोस्कोपी म्हणतात.

तिथल्या एका खासगी रुग्णालयाने भुलीसकट ५२० रियाल सांगितले, म्हणजे लाखाच्या वर. विमा निम्मेच देणार होता. पण माझ्यासाठी पैसा हे दुसरं कारण होतं. नवरा महिन्यातले तीन आठवडे आत वाळवंटात साइटवर असतो, आणि त्या दिवशी दाराबाहेर माझं माणूस बसलेलं मला हवं होतं. वहिनीला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "तू तिकीट काढ. मी आहे."

तपासणी केली ती बडोद्याच्या अलकापुरी भागातल्या एका छोट्या डे-केअर दवाखान्यात. परदेशातून येणाऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे तारीख. ही तपासणी पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. तेव्हा अस्तर पातळ असतं, आतलं स्वच्छ दिसतं आणि गर्भ राहिलेला असण्याची शंकाही फारशी उरत नाही. उशीर झाला की अस्तर वाढतं आणि जाड अस्तराची घडीसुद्धा पॉलिपसारखी दिसू शकते. शहरातल्या बाईने पाळी आली की फोन करावा, चार-पाच दिवसांनी जावं. मी काय करणार? ज्या पाळीचा भरवसा नाही म्हणून ही तपासणी, तिच्याच भरवशावर विमानाचं तिकीट कसं काढायचं?

इथे त्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी मला जिंकलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी वीस मिनिटं दिली. आधीचे सगळे रिपोर्ट मागवले. अर्धशिशी आहे का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, घरात कुणाला पिशवीचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला होता का, सगळं विचारलं. मग मस्कतच्या माझ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी गरोदरपणाची चाचणी करून नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या दहा दिवसांसाठी दिल्या. गोळ्या थांबवल्या की काही दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. माझा तिसऱ्या दिवशी सुरू झाला आणि ठरल्या तारखेला मी निघाले. या गोळ्या कुणीही आपल्या मनाने घेऊ नका. गोळ्यांनी अस्तराचं सूक्ष्मदर्शकाखालचं रूपही बदलतं, म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला पाठवताना गोळ्या घेतल्याचं फॉर्मवर लिहावं लागतं. बाईंनी माझ्यासमोर ते लिहिलं.

मुंबईला रात्री उतरले, पहाटे मुंबई सेंट्रलहून वंदे भारत. भरूचला नर्मदा ओलांडली की मला घरी आल्यासारखं वाटतं, तसंच याही वेळी वाटलं. वहिनी स्टेशनवर होती.

दवाखान्यात पहिली पायरी चढताच मन खट्टू झालं. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "बेन, छेल्लुं मासिक क्यारे आव्युं?" (शेवटची पाळी कधी आली?) समोर सात-आठ माणसं बसलेली, त्यात दोन पुरुष. मी तारीख कागदावर लिहून दिली. ज्या कारणासाठी बायका वर्षानुवर्षं तपासणी टाळतात, ते कारण हेच. एक फॉर्म छापून घेतला तर हा प्रश्न कायमचा सुटेल. मी हे निघताना बाईंना सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. आधी फोनवर दवाखान्यातल्या समन्वयक मुलीने सांगितलं होतं, "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं." हे खरं नाही. मला दुखलं. काहींना फार थोडं दुखतं आणि काहींना सोसवत नाही इतकं, आणि तुमचं कसं होईल हे आधी कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंनी मात्र हे स्वच्छ सांगितलं आणि तीन पर्याय समोर ठेवले: जागेपणी करू, पिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं इंजेक्शन देऊन करू, किंवा भूलतज्ज्ञ बोलावून पूर्ण झोपवून करू. भुलीचे साडेसात हजार जास्त, आणि त्या दिवशी उपाशी यायचं. मी इंजेक्शनचा पर्याय घेतला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही हात वर केलात की मी थांबणार. पुन्हा सुरू करायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर दुसऱ्या दिवशी भूल देऊन करू."

तासभर आधी इबुप्रोफेन घेतली होती. सिस्टर सुरतेच्या, आणि मदतीला एक मराठी मावशी, बडोद्याच्याच वाडी भागात राहणाऱ्या. मावशींनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मला वाटलं होतं, आधी तो थंडगार लोखंडी चिमटा लावतील. लावला तो फक्त इंजेक्शनपुरता, तोही कोमट करून, आणि लगेच काढला. दुर्बीण घालताना योनीत कोमट सलाइन सोडून वाट मोकळी केली आणि तिथूनच ती अलगद आत नेली. ही पद्धत इटलीच्या बेट्टोची यांनी रूढ केली, असं बाई काम करता करता सांगत होत्या. दुर्बीण ४ मिलिमीटरची.

पिशवीच्या आतल्या तोंडाशी आली तेव्हा ओटीपोटातून कमरेपर्यंत जोरात कळ गेली. मी हात वर केला. त्या थांबल्या. खरंच थांबल्या, एक शब्द न बोलता. मावशी म्हणाल्या, "श्वास सोड बाळा." मिनिटभराने मीच चला म्हणाले.

पडदा माझ्याकडे वळवलेला होता. मी ४४ वर्षं हे शरीर बाळगते आहे, दोन मुलं त्याच पिशवीत वाढली, आणि ती मी पहिल्यांदा पाहिली. फिकट गुलाबी भिंती, दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची इवलीशी तोंडं, आणि मागच्या भिंतीवर देठाने लटकलेला, पाण्यात भिजलेल्या मनुकेसारखा पॉलिप. मला आई आठवली. तिचं दोनदा क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) झालं, दोन्ही वेळा भूल देऊन, आणि तरी अंगावरून जाणं थांबलं नाही. क्युरेटिंग आत न बघता केलं जातं, त्यात देठाचा पॉलिप निसटू शकतो. तिचा तसाच निसटला होता, हे तिसऱ्या खेपेला कळलं. तोवर तिचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. तिला कधी कुणी पडदा दाखवला नाही.

पॉलिप लहान होता, म्हणून बाईंनी मला विचारून त्याच बैठकीत बारीक कात्रीने काढला. मग पातळ नळीने अस्तराचा तुकडा घेतला. ते दहा-बारा सेकंद सगळ्यांत वाईट. सगळं मिळून पंधरा मिनिटं. उठताना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. असं काहींना होतं म्हणे. पाय उंच करून झोपवलं, नाडी बघितली, मावशींनी साखरेचा चहा दिला. दोन तासांनी वहिनीबरोबर रिक्षाने घरी. तीन दिवस डाग पडत होते. ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढत जाणारं दुखणं झालं तर रात्रीही फोन करा, म्हणून नंबर दिला होता. गरज पडली नाही.

तिसरी अडचण रिपोर्टची. पाच दिवस सांगितले होते, नऊ लागले. शनिवारी दुपारी तपासणी झाली, नमुना बाहेरच्या लॅबला सोमवारी गेला, मधे एक सुट्टी. हे कुणी आधी बोललं नाही. मला परतीचं तिकीट बदलावं लागलं आणि ते नऊ दिवस मी नीट झोपले नाही. वहिनी रोज संध्याकाळी मला सूरसागर तलावावर फिरवून आणायची. रिपोर्ट आला: साधा पॉलिप, अस्तरात काही वाईट नाही. तेव्हा दोघी मांडवीला जाऊन पोटभर शेव-उसळ खाऊन आलो.

बिल एकूण २१,४०० रुपये, लॅबसकट, प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली. परत जाणाऱ्यांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: इंग्रजीतला डिस्चार्ज रिपोर्ट, पेन ड्राइव्हवर चित्रफीत आणि लॅबकडच्या स्लाइड व मेणात जपलेला तुकड्याचा ब्लॉक. मस्कतच्या डॉक्टरांनी चित्रफीत बघितली आणि पुन्हा तपासणी करायची गरज नाही म्हणाल्या.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) असलेल्यांनाही व्हिसा लागत नाही. नुसता परदेशी पासपोर्ट असेल तर मेडिकल व्हिसा काढावा लागतो, सोबत दोन माणसांना येता येतं. हे मी शोधलं ते शेजारच्या ओमानी ताईंसाठी. त्यांनाही ही तपासणी करायची आहे. अरबी दुभाषा या दवाखान्यात नाही. पण त्यांना हिंदी छान बोलता येतं, आणि मी त्यांच्याबरोबर येणार आहे. त्यांची पाळी नियमित असल्यामुळे गोळ्यांची भानगड नाही. त्यांची पाळी थांबेल त्या आठवड्यात सोमवार किंवा मंगळवार मिळतो का, ते विचारायला वहिनी उद्या अलकापुरीला जाणार आहे.