जपानी पद्धतीचा चाकू: आठ महिन्यांनंतर (टवका उडाल्यावर)

दिवाळीच्या सेलमध्ये ३,४०० रुपयांना घेतला. आठ इंची ग्युतो (जपानी शेफचा चाकू), व्हीजी-१० नावाचं जपानी स्टेनलेस पोलाद, कडकपणा ६० एचआरसी (रॉकवेल माप; ६० म्हणजे चांगलंच कडक), दोन्हीकडून १५ अंशांची धार. आज लिहायला बसलो कारण जूनमध्ये टवका उडाला आणि कस्टमर केअरने डोकं उठवलं.

लोणच्यासाठी दहा किलो कैऱ्या आणल्या होत्या. बाजारात अडकित्तावाला किलोमागे दहा रुपयांत फोडून देतो. म्हणजे शंभर रुपये. म्हटलं, घरी एवढा महागाचा चाकू असताना शंभर कशाला घालवा? तिसऱ्या कैरीत पातं कोयीत अडकलं, मी ते पिळलं आणि टक् झालं. नखाएवढा टवका गायब. कैरीत पोलादाचा कण म्हणजे खेळ नाही. जुन्या स्पीकरचं चुंबक काढून एकेका फोडीवरून फिरवलं, तेव्हा कुठे तो कण चिकटला. तरी आईने त्या तिन्ही कैऱ्या फेकल्याच.

कंपनीला फोटो पाठवला. चार मेलनंतर उत्तर आलं की हाड, गोठलेलं मांस, कोय असं कठीण काही कापल्यास वॉरंटी लागू नाही. मग ३,४०० रुपयांत कापायचं काय, हवा? त्या रात्री एक तारा देऊन चार शिव्यांचा मजकूर तयार ठेवला होता. वीज गेली म्हणून राहिला.

आता थोडं मागे घेतो. चूक माझीच होती. पोलाद जितकं कडक, तितकी धार जास्त दिवस टिकते, पण ते वाकत नाही, तुटतं. बाजारातल्या साठ रुपयांच्या चाकूची धार कोयीवर वाकली असती आणि मी ती पुन्हा सरळ केली असती. शिवाय सरळ दाबापेक्षा आडवा पीळ अशा पात्याला जास्त मारतो, आणि मी नेमका तोच दिला.

सायकलवर धार लावणारा येतो, त्याला दाखवला. त्याने नख फिरवून परत केला. "दादा, चाकावर धरला तं तापून निळा पडन, मंग पाणीच जाईन याचं." पोलादाचं पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. मग ९०० रुपयांचा १०००/६००० ग्रिटचा (आकडा जितका लहान, तितका दगड खरखरीत) धारेचा दगड मागवला (हिशेबात धरा, ४,३०० झाले). दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात, खाली ओला फडका, आणि तीन संध्याकाळी घासणं. टवका काढायला खरं तर ४०० चा दगड हवा होता. कंजूषपणा इथेही नडला.

पण राजेहो, सांबार! ज्यांना कोथिंबीर म्हणायचं त्यांनी म्हणावं. या चाकूचं सगळं मोल मला सांबारात दिसतं. बोथट पातं सांबार चिरत नाही, चेंगरतं. पाटावर हिरवा डाग पडला की समजा, रस पाटाने प्यायला. सांबारवडीला दोन जुड्या बारीक चिराव्या लागतात. चेंगरलेलं सारण ओलं होतं, पारी भिजते आणि वडी कढईत फुटते. आमच्याकडे वर्षानुवर्षं फुटायच्या आणि आई तेलाला दोष द्यायची. दगडावरून उतरलेल्या या चाकूने चिरलं, तर पाट जवळपास कोरडा. पंधरापैकी एकही वडी फुटली नाही. तीन मिनिटांच्या कामासाठी ४,३०० रुपये, हे मलाही दिसतं. तरी दुसऱ्या दिवशी मी काम नसताना आणखी एक जुडी चिरली.

त्याच दगडावर साठ रुपयेवाला चाकूही घासला. भेदरं (टोमॅटो) त्यानेही सालीसकट पातळ कापलं. चार दिवसांत पुन्हा बोथट, पण ते चार दिवस फरक ओळखायला नजर लागेल. निम्मं कौतुक चाकूचं नव्हतंच.

आईने मात्र हा हातात घेतला नाही. तिची पावशी (विळी) आहे. पायाखाली पाट दाबून बसायचं, पातं जागेवर, भाजी दोन्ही हातांनी त्यावर चालते. भेंडी, वांगी, लाल कोहळं, सगळं तिथेच. ग्युतोला उभा माणूस, कमरेएवढा ओटा आणि लाकडी पाट लागतो. जमिनीवर बसून मी महिनाभर चालवला, मनगट भरून आलं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापाल, तर धार आठवड्यात जाईल. त्यामुळे ओटा नसेल तर घेऊच नका. हे मी मागवायच्या आधी कुणीतरी लिहायला हवं होतं.

टवक्याची जागा आता टाचेजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, किंचित खोलगट उरली आहे. पातं पाटावर टेकवलं की खालून उजेड दिसतो. सांबाराचे दोन-चार देठ तिथे न कापता तसेच जोडलेले राहतात आणि दरवेळी कैरी आठवते. कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवतो. पत्ताकोबीची कोशिंबीर असली की आई खालून आवाज देते, "काढ बाप्पा तुह्या साहेबाले."

साडेतीन तारे. पुढच्या वर्षी कैऱ्या बाजारातूनच फोडून आणणार.